काचेआडचं बोलणं

४ मार्च, सोमवार

संपाचा एकेचाळिसावा दिवस. या खोऱ्यात अकरा गिरण्या होत्या. मालक इथे आले ते नदीच्या पाण्यामागे. आता स्वस्त मजुरीमागे चाललेत. उरली ही एक. तिचे तीनशे माग अर्ध्या मजुरीवर चालवायचे? नाही म्हणजे नाही!

६ मार्च

कारकुनाने कचेरीत बोलावलं. दार बंद, फाटकाकडची काचेची खिडकी बंद. घामाघूम झाला होता. "पुढारी, माग विकलेत. शनिवारपर्यंत कामावर आलात तरच सौदा मोडणार. कागद मी पाहिलाय. माझं नाव घेऊ नका." खोटं बोलत नव्हता.

बाहेर फाटकाशी विणकर बायका, त्यांच्यात आमची हीसुद्धा. मागांच्या गोंगाटात जन्म गेला, त्यामुळे एकमेकींशी नुसते ओठ हलवून बोलतात. मी सुताच्या कोठारातला, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बंदोबस्तावरच्या फौजदाराकडे बघून कुणीतरी ओठ हलवले, बाकीच्या खदखदून हसल्या. काय म्हणाली, विचारलं. "तुमच्या कामाचं नाही," इति ही.

७ मार्च

कुणाला सांगितलं नाही. हिलाही नाही. सांगितलं तर सगळे माना खाली घालून आत जातील — आणि अर्धी मजुरी पुढच्या पिढ्यांच्याही कपाळी.

८ मार्च, शुक्रवार

सभा. सव्वा तास बोललो. शंभर वर्षांचा इतिहास उकरला. "माग कुठेही जात नाहीत," छातीठोक सांगितलं. टाळी नाही. पहिल्या रांगांत बायका, नजर माझ्या तोंडावर.

मग संपासाठी हात वर झाले. एकूण एक. हिचा सगळ्यांत आधी.

जिंकलो.

१० मार्च

ट्रक आले. संध्याकाळपर्यंत मागखातं रिकामं. फरशीत बोल्टांची भोकं, तेलाचे डाग. मला कुणी शिवी दिली नाही. द्यायला हवी होती.

११ मार्च

हिला सगळं सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली नाही. "माहीत होतं. कचेरीच्या काचेतून कारकुनाचे ओठ दिसत होते. आम्ही सगळ्यांनीच वाचले."

मग हात का वर केलेत?

"तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात. वाटलं, त्याच्या पुढचं काहीतरी तुम्हाला ठाऊक असेल."