ओतूर कट्ट्याची कंपनीबंदी

२२ मार्च, सकाळी ७
आजची तारीख इतिहासात जाणार. परदेशातल्या एका बड्या कंपनीनं जाहीर केलं, की त्यांचं ॲप आता आमच्यासारख्या स्वतंत्र सोशल नेटवर्कला जोडणार. म्हणजे आमच्या ‘ओतूर कट्ट्या’लाही. सर्व्हर माझा, घराच्या पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर क्लासच्या कोपऱ्यात. सभासद एकेचाळीस. जगभर असे हजारो कट्टे एकमेकांशी बोलतात, सगळ्यांचा मिळून मालक कुणीच नाही. एसटी स्टँडसारखं, बसा जुन्नरला, उतरा कुठंही. त्यात ही कंपनी घुसणार. आपल्याला घाबरलेली दिसते.

२३ मार्च
कंपनीला इंग्रजीत कडक पत्र धाडलं. उज्ज्वलाला वाचून दाखवलं. म्हणाली, स्पेलिंग बघा आधी. बायको शिक्षिका असल्याचा तोटा.

३० मार्च
उत्तर नाही. वकिलांशी सल्लामसलत चालू असणार.

२ एप्रिल
कंपनीला ब्लॉक केलं. एक बटण. कोट्यवधी लोक ओतूरच्या वेशीबाहेर.

४ एप्रिल
लंकाबाई आल्या. रोज नाचणी-वरईच्या पदार्थांचे फोटो टाकतात. कट्ट्यावर लोक तेवढंच बघतात, माझे लेख अवघड पडतात. त्यांची लेक आरती नाशिकला, कंपनीच्या ॲपवर. नववा लागलाय. "भाऊ, आता समदं जोडलंय म्हणत्यात. मग माझं तिला दिसंना कसं?"
तत्त्व समजावलं. पाऊण तास. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पर तिला दिसंल कवा?"

११ एप्रिल
लोकशाही म्हणून मतदान घेतलं. कंपनीला आत घ्यावं का? मतं नऊ. आठ हो, एक नाही. ‘नाही’ हे माझं. लोक अजून तयार नाहीत, म्हणून निकाल स्थगित. सत्ता लोकांच्या हातात हवीच, पण योग्य वेळी.

१२ एप्रिल
सावळेरामतात्या, रिटायर पोस्टमास्तर, चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाले, "गोकुळ, मालक कुनी न्हाई म्हणतो आन निकाल तूच फिरवतो व्हय?" वय झालंय त्यांचं.

२० एप्रिल
सभासद अठ्ठावीस. दर्जा सुधारला.

३ मे
लंकाबाई गेल्या. तिकडेच. शेवटची पोस्ट: ‘माझी लेक तिकडं हाय. राग मानू नका.’ राग कसला. दोन दिवस जेवण जात नाही, उन्हामुळे.

१० मे
सभासद सहा. त्यातली दोन खाती माझीच. कंपनीच्या ॲपवर खोट्या नावानं खातं काढलं. फक्त शत्रूवर नजर ठेवायला. रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून.

१४ मे
दहा मिनिटं पुरत नाहीत. लंकाबाईंना नऊ हजार लोक फॉलो करतात. आरतीला मुलगी झाली. फोटो पाहिला, नाक आजीचं. आपला सगळा कट्टा तिथं अभिनंदन करतोय. तात्यासुद्धा. मीही केलं. खोट्या नावानं. लंकाबाईंनी ‘आभारी आहे दादा, आपण कुठले?’ असं विचारलं. उत्तर टाळलं.

१९ मे
निरीक्षण सकाळी सहापासून. क्लासची एक बॅच बुडाली.

२३ मे, गुरुवार
मोठ्या मनानं ठरवलं, ब्लॉक काढायचा. लंकाबाईंना सन्मानानं परत बोलवायचं. निवेदन लिहून काढलं. स्पेलिंग तपासलं. कोपऱ्यात जाऊन बघतो तर सर्व्हर बंद.
उज्ज्वलाला विचारलं. म्हणाली, रविवारी पंख्यासाठी प्लग काढला होता, परत लावायचा राहिला.
चार दिवस कट्टा बंद. एकाचाही फोन नाही.
ती म्हणाली, "लोकांचं सोडा. तुम्हाला कसं कळलं नाही?"
मी प्लग लावत बसलो.