तुमच्या नकाशावरची रिकामी देवराई

सर, तुमचा नकाशा मी बाद केला आहे आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. सोमवारी रत्नागिरीत बैठक आहे. लांज्याकडच्या आपल्या देवराईतून रस्ता न्यायचा की वळवायचा, ते तिथं ठरेल. कार्यालयात सगळे म्हणतात, सरांच्या नकाशानंच दाखवलंय की रानजायफळाचं दुर्मिळ झाड देवराईत नसतं, मग रस्त्याला अडचण काय? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता तुमच्या शब्दाला वजन आलंय. जिवंतपणी तुमचं एवढं कोण ऐकत होतं?

मी कॉलेजात होते तेव्हाचा तो दिवस आठवतो. देवराईच्या बाहेर तुम्ही चपला काढायला लावल्यात, आत एका जाड खोडावर तळवा टेकवलात आणि म्हणालात, "हे रानजायफळ." मी नमुन्यासाठी फांदीला हात घालते, तोच एरवी पुस्तकी बोलणारे तुम्ही गावच्या बोलीत ओरडता, "बाय गो, हात मागं घे! देवाचं हाय ते." डहाळी नाही म्हणून नमुना नाही, नमुना नाही म्हणून नोंद नाही. प्रत्येक देवराईत तुम्ही हेच केलंत. पुढे नकाशा करायला बसलात. झाड सापडलेल्या जागांशी ताडून बघायला कॉम्प्युटरला आजूबाजूच्या मुलखाचे ठिपके द्यावे लागतात. ते तुम्ही तालुकाभर सारखे पेरलेत, देवरायांतसुद्धा. त्या बिचाऱ्याला तुमचा देव काय ठाऊक! ठिपके आहेत, नोंद एकही नाही. त्यानं ठरवलं, हे झाड देवराई टाळतं. मी तेव्हाच भांडले होते. "ठिपके सगळीकडे सारखेच हवेत, उगाच शहाणपणा नको," म्हणालात. का नको? आता मी ठिपके फक्त तिथंच टाकलेत, जिथं तुम्ही कुठल्या ना कुठल्या झाडाची डहाळी तोडली होती; म्हणजे जिथं हातच लावला नाही, ती जागा रिकामी धरली जात नाही. पाऊस, सावली, ओलावा बघून नवा नकाशा सांगतो की देवराया या झाडाला अगदी मानवणाऱ्या आहेत. तुम्ही असतात तर चिडला असतात. खुशाल चिडा. तुमचं चुकलं, हे मी सोमवारी तुमचं नाव घेऊन सांगणार आहे.

हे पत्र कुठं पोचणार नाही, म्हणून एवढं सांगते. कार्यालयातले साहेब म्हणाले, झाडाचा फोटो काय, कुठलाही असू शकतो, एक डहाळी आणून टेबलावर ठेवा, वाद मिटेल. काल मी कात्री घेऊन देवराईत गेले. झाड तिथंच आहे. बाहेर चपला काढल्या, खोडावर तळवा टेकवला आणि रिकाम्या हातानं परत आले.