लष्करी मालाची पारख

५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. अक्षर वाकडं आलंय तेही चालवून घे, थंडीने बोटं आखडतात.

इथलं लष्कराचं जुनं गोदाम बंद झालं आणि सगळा माल बाजारात आलाय. तू हा जुन्या लष्करी मालाचा धंदा काढलास तेव्हा मी तुला भंगारवाला म्हणून चिडवायचे. आता तुझ्याच दारात सल्ला मागायला उभी आहे, हस हवं तर. मला तीन वस्तू घ्यायच्यात. घट्ट पकडीचे बूट, मोठ्याने वाजणारी शिट्टी, आणि तो हँडल फिरवायचा फोन, ज्याला दोन घरांत नुसती तार टाकली की बोलता येतं. विकणारा प्रत्येक वस्तूवर थाप मारतो आणि सांगतो की फौजी माल आहे, मरेपर्यंत टिकेल. कोण मरेपर्यंत, असं विचारलं तर हसतो. शिवणाच्या वर्गात मी जन्मभर मुलींना कापड ओळखायला शिकवलं, पण रबर-लोखंडातलं मला काय कळणार?

बाकी ठीक. हे गेल्यापासून घर फार मोठं झालंय. कधी सबंध दिवस माझाच आवाज माझ्या कानावर पडत नाही, मग उगाच रेडिओवरच्या बाईला उत्तरं देते. तुझं कसं चाललंय ते सविस्तर लिही. आहे तो लोभ पत्रातही दिसू दे.

तुझी,
ताई

१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भंगारवाल्याचा सल्ला नीट वाच. बूट कोरे दिसले म्हणून भुलू नकोस. वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिलेल्या बुटाचं रबर आतून मेलेलं असतं. तळाला नख दाबून बघ, रुतलं नाही किंवा भुगा सुटला तर ठेवून दे. चार पावलं चाललेला, मऊ तळाचा बूट त्यापेक्षा बरा. घोंगडी घेणार असशील तर एक धागा ओढून जाळून बघ. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, वितळून मणी झाला तर नुसतं लोकरीचं सोंग. विषारी वायूचे मुखवटे स्वस्त म्हणून गळ्यात मारतील, ते घरात आणूसुद्धा नकोस, जुन्या गाळण्यांतली धूळ छातीला घातक. शिट्टी पितळेची घे.

फोन मात्र जोडीनेच घ्यायचा, एकटा घेतलास तर शोभेचा डबा. बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरी बुरशी असेल तर सोडून दे. नसेल तर दोन्ही जोडून, एक बाजाराच्या त्या टोकाला नेऊन वाजवून बघायला लाव. खरा विकणारा कुरकुर करणार नाही.

आता माझं ऐक. गिऱ्हाईक काय मागतं त्यावरून त्याच्यावर काय गुदरलंय हे मला बहुतेक वेळा कळतं. पकडीचे बूट, शिट्टी, शेजारी लागणारा फोन, आणि वर वाकडं अक्षर. ताई, तू पडलीस का?

मी बरा आहे. दुकानातच झोपतो, मालामागे लष्करी खाट टाकलीय. ही गेल्यापासून घरी जायला पाय उचलत नाही. धूळ साठली असेल. लवकर आणि खरं लिही.

तुझा,
धाकटा

२३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पडले. मागच्या पायऱ्यांवर, नळाशी बादली भरताना. मनगट मोडलं. कमरेतून उठताच येईना. सकाळभर हाका मारल्या, घसा बसला. वर आभाळ, बाजूला भिंत, आणि नळ आपला वाहतोय. मरणाची भीती वाटली नाही रे, पण आपण इथे आहोत हे कुणाच्या गावीही नाही, याची वाटली.

सोडवलं कुणी, तर खालच्या घरातल्या नर्सबाईंनी. ज्यांच्याशी कुंपणाच्या भांडणामुळे बोलणं बंद होतं, त्याच. नळाचं पाणी त्यांच्या अंगणात घुसलं म्हणून पदर खोचून भांडायला वर आल्या, आणि मला पाहून तशाच खाली बसल्या. मनगट बांधून दिलं, दवाखान्यात नेलं, आणि मग परतल्यावर पाण्याबद्दल बोलायचं ते बोलल्याच.

फोनची जोडी तुझ्या पद्धतीने पारखून आणली. विकणारा कुरकुरला नाही. तार नर्सबाईंनीच कुंपणावरून ओढली. त्याही एकट्याच आहेत, हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. रोज संध्याकाळी वाजवतात आणि काही विशेष नाही म्हणून सांगतात. तेवढ्यासाठी मी दुपारपासून कान देऊन असते.

माझी काळजी मिटली असं समज. तुझी लागलीय. खाटेवर, मालामागे, हे काय जगणं झालं? माझ्याकडे ये म्हणणार होते, पण आधी स्वतःच्या घरी जा. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रागावलो होतो, म्हणून उत्तर दिलं नाही. मोडलेल्या हाताने तू मला शिकवावंस याचा राग आला.

परवा दुकानात एक बाई आल्या. नवऱ्याचा फौजी ओव्हरकोट घेऊन. मी सवयीने उलटापालटा केला, कोपराला कसर, दोन बटणं गेलेली, अस्तर विरलेलं, असं सगळं सांगून भाव सुचवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भाव नाही विचारला. हा अजून कुणाला ऊब देईल का, एवढंच सांगा.”

मी कोट अंगात घातला. देईल, म्हणालो. त्यांनी तो काउंटरवर ठेवला, कुणा गरजवंताला द्या म्हणाल्या, आणि गेल्या. मी तो बाजारातल्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला नेऊन दिला. त्याने लगेच बटणं लावली, होती तेवढी.

तिथून दुकानात परतलो नाही, घरी गेलो. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं. हिच्या शाली कपाटात जशाच्या तशा. मी एकेक उजेडात धरून पाहिली, आणि पहिल्यांदाच किती जुनी, किती विरली, हे पाहिलं नाही. दोन ठेवल्या. बाकीच्या धुऊन वाळत घातल्यात, वाळल्या की देऊन टाकीन. स्वयंपाकघरात मात्र रडू आलं, ते तुला सांगायला हरकत नाही. झोप लागली नाही. तरी सकाळ होईपर्यंत तिथेच राहिलो, आणि कालही.

घर अजून माझं वाटत नाही, ताई. पण पुढचं पत्र दुकानावर टाकू नकोस. घरच्या पत्त्यावर टाक, म्हणजे ते घ्यायला तरी कुणीतरी घरी असावं लागेल.

तुझा,
धाकटा