अंबाडी नव्हे, काकांचं मेपल

सोनपेठ,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप शिवप्रकाश काकांना ईश्वरीचा शरणार्थ.

‘आपलं झाड बरं आहे ना?’ असं तुम्ही दर फोनला विचारता. त्याच्या नेमक्या कोणत्या बाजूची चौकशी चालली आहे हे मला कळत नाही, म्हणून या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. (फोनवर तर नाहीच. आपल्या घरचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो आणि मध्ये आजी बोलते.) तुमची साखर आणि काकूंची कंबर कशी आहे ते कळवा. इकडे अप्पांचं दुकान व्यवस्थित चाललं आहे, तुमच्या आई खडखडीत आहेत (त्यांच्याबद्दल पुढे बरंच येणार आहे), आणि मी कृषीची पदवी घेऊन घरी परतले आहे. आपल्या घरातली ही पहिलीच पदवी असल्यामुळे तिचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. पंखा बंद पडला तरी मलाच हाक मारतात.

तर झाड. काकूंनी तुमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या, तेव्हा ‘गावची मोकळी हवा लागेल’ म्हणून तुम्ही हे जपानी मेपलचं बोन्साय इथे आणून ठेवलंत. काका, ते थंड डोंगरातलं झाड आहे. सोनपेठच्या मे महिन्यातली मोकळी हवा इथली माणसंसुद्धा टाळतात. मी परीक्षा संपवून आले तेव्हा ते दुकानामागे तेलाच्या रिकाम्या डब्यांच्या रांगेत उभं होतं. डावीकडे थोडी पानं आणि उजवी बाजू अगदी बोडकी. मी ऊन, माती, पाणी अशी कारणं शोधत बसले (पुस्तकंसुद्धा काढली). मग एके सकाळी पाहते तर आजी पदराची ओटी करून मेपलची पानं खुडत होती. लालसर देठ, बोटांसारखी कातरलेली पानं. आजीने पहिल्या दिवसापासून ती अंबाडी समजली होती. ‘किती खुडली तरी आंबटपणाच न्हाई गं हिला,’ ती मला म्हणाली, ‘शिवप्रकाशनं बियाणंच पांचट आणलं बघ.’ मागच्या खेपेला आला होतात तेव्हा ज्या भाजीची स्तुती करत तुम्ही दोनदा वाढून घेतलीत, तिच्यात खऱ्या अंबाडीबरोबर तुमच्या झाडाची उजवी बाजू होती.

आता या झाडावर माझं काय अडलं आहे तेही सांगते. दुकानामागच्या जागेत मला रोपवाटिका काढायची आहे आणि अप्पांना गोडाऊन बांधायचं आहे. मी त्यांना म्हटलं की आपल्या भागातल्या शेतकऱ्याला खात्रीचं कलम त्याच्याच तालुक्यात मिळालं पाहिजे, शिक्षण त्यासाठीच असतं. (हे जरा भाषणासारखं झालं. समोर गिऱ्हाईक असलं की माझा आवाज चढतो.) अप्पा साखर तोलत तोलत म्हणाले, ‘झालं भाषण? आता त्या बोडक्या बाजूला एक फांदी लावून दाखव. दिवाळीच्या दिवशी माझ्या डोळ्यानं हिरवी बघंन, तर जागा तुझी. न्हाई तर गोडाऊन.’ गिऱ्हाईकाने साखर घेतली आणि ही बातमी बाजारभर वाटली.

मी भेट कलम बांधायचं ठरवलं. डावीकडे एक लांब कोवळी फांदी होती. ती न तोडता वाकवून उजवीकडे आणायची, खोडावर खाच पाडून तिच्यात बसवायची, पट्टीने आवळायची आणि तिथे धरली की मगच मागचा दांडा कापायचा. पहिलं कलम मी अगदी पुस्तकात आहे तसं बांधलं. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘हाड मोडलं का वं याचं?’ अप्पा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, ‘पोरगी डॉक्टर झालीय त्याची.’ तेही सोसलं. पण आजी दर सोमवारी पूजा आटोपली की गुपचूप पट्टी सोडून जखमेला विभूती लावत होती. मी रागावले तर म्हणाली, ‘अगं, जखम बांधून ठिवलीस, उघडून बघायचं न्हाई व्हय?’ तिची माया खरी होती, पण फांदी वाळली.

दुसऱ्या वेळी डावीकडचीच आणखी एक फांदी वाकवून बांधली, पण आता मी शास्त्र बाजूला ठेवलं आणि आजीला सांगितलं, ‘झाड बाळंतीण आहे, वारं लागता कामा नये.’ हे तिला तत्काळ पटलं. नको इतकं पटलं. तिने कुंडी उचलून माजघरात नेली, फांदीला फडकं गुंडाळलं, शेगडीवर ओवा टाकून झाडाला धुरी दिली आणि कुणी बघत नाही असं पाहून मातीत डिंकाचा लाडू पुरला. (मुंग्या अजून येतात.) माझ्या आईलाही हात लावू दिला नाही. मला दिवसातून एकदाच पाहायची परवानगी होती, तीही हात धुऊन. पण पट्टी कुणी सोडली नाही. पाऊसकाळ संपता संपता खाचेच्या पुढची फांदी मागच्यापेक्षा जाड दिसू लागली, म्हणजे ती खोडाचं पाणी पिऊ लागली होती. पंधरा दिवसांपूर्वी मी मागचा दांडा कापला. आजी शेजारी बसून मलाच धीर देत होती. फांदी टिकली आणि कुंडी माजघरातून पुन्हा दुकानामागच्या उजेडात आली. तिच्यावर नवी पानं आली आहेत आणि आजी त्यांच्याकडे भाजी म्हणून पाहतही नाही.

तेव्हा सगळं छान आहे, काळजी नसावी. काकूंना शरणार्थ.

तुमची पुतणी,
ईश्वरी

ता. क. सगळं छान नाही. पाऊस गेला आणि ऊन पुन्हा कडक झालं आहे. काल नव्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या. दिवाळीपर्यंत झाड इथे ठेवलं तर पैज जिंकायच्या नादात मी ते घालवून बसेन. काकूंना सांगा, गॅलरीतली सकाळच्या उन्हाची बाजू मोकळी करा. दोऱ्या दुसरीकडे बांधता येतात.

आणखी एक. अप्पांना आज सकाळी सांगितलं. ते म्हणाले, ‘मंग मला फांदी दिसणार कशी?’ मी म्हटलं, दिसणार नाही. ‘मंग जागा?’ मी खोकं बांधायला घेतलं. सुतळी त्यांनीच दिली. माझी गाठ सैल आहे म्हणून सोडून पुन्हा बांधलीसुद्धा त्यांनीच. तरी त्यांनी जागेबद्दल अजून शब्द दिलेला नाही, तेव्हा दिवाळीच्या सकाळी व्हिडिओ कॉल लावून त्यांना उजवी बाजू दाखवा. एवढ्यासाठीच हे पत्र.

शेवटचं. पत्र घेऊन आलेला हा आपल्या समोरच्या कापडवाल्यांचा शंभुराज. तुम्ही नाही म्हणाल या भीतीने, पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत खोकं द्यायचं नाही असं मी त्याला बजावलं आहे. रात्रभर ते मांडीवर घेऊन एसटीत बसलेला तो आत्ता तुमच्या दारात उभा असेल. झाड मी पाठवलं आहे. दोघांनाही आत घ्या आणि पाणी द्या, आधी झाडाला.