एकेचाळीस नवऱ्या आणि एक रिक्षा

सोलापूर,
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय सुकन्या,

आज सकाळी अंघोळीचं पाणी तापायची वाट बघत बसलो होतो आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा एक हॉर्न कानात वाजला. एकच, लांब, जरा घोगरा. आपल्या बोळाच्या तोंडाशी मी तो पहिल्यांदा वाजवला तेव्हा तू चार वर्षांची होतीस. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, अशी पळत आलीस आणि बापाकडे न बघता गाडीच्या दिव्यालाच मिठी मारलीस. दिवा तापलेला होता. रडलीस, पण सोडला नाहीस.

नवी पेठेतल्या कापडवाल्या बसप्पांची ती फियाट. पांढरी, आधीच आठ वर्षं चाललेली, अठरा हजारांना. मैंदर्गीची माझ्या वाटणीची दोन एकर विकून घेतली. भाऊबंदांनी पारावर बसून निकाल दिला, "मास्तर येडा हाय. रान इकून कुनी पत्रा घेतंय व्हय?" लहानपणी अक्कलकोटच्या रस्त्यावर धुळीतून जाणारी एक मोटार बघितली होती, तिच्या मागच्या काचेतून एक मुलगी हात हलवत होती, एवढं कारण काय सांगायचं कुणाला? तुझ्या आईनं मात्र बॉनेटला हळदकुंकू लावलं, पदर सावरून पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चला की आता, लोकं बघायला लागलेत."

तुला आठवतं, मी म्हणायचो की आपली गाडी भुजंगप्रयातात चालते? लगागा लगागा लगागा लगागा. चौथ्या गिअरला अगदी सुरेख. चढ आला की वृत्त बिघडायचं आणि तू मागून ओरडायचीस, "अप्पा, मात्रा चुकली!" वर्गात चाळीस पोरांना जे शिकवून जमलं नाही ते तुला मागच्या सीटवर आलं. बाहेर ऊन रखरखत असायचं, आणि आत आपण तिघं एका कवितेत बसून चाललेलो असायचो.

मग ती बोळाचीच गाडी झाली. पहिली सासरी गेली ती तालमीपलीकडची सोनाबाई. तिच्या वडिलांनी भाड्याची मोटार ठरवली होती, ती आलीच नाही. मी किल्ली घेतली. त्यानंतर रीतच पडली. बोळातली मुलगी सासरी जाणार ती मास्तरांच्या फियाटमधून. भाडं नाही, पेट्रोल माझं. फक्त निघताना मुलीच्या आईनं बॉनेटवर एक खण आणि नारळ ठेवायचा. गॅरेजवाल्या खाजाभाईची शाइस्ता याच गाडीतून गेली. तेव्हा बिबीजानवहिनींनी खण ठेवला आणि वर अत्तर शिंपडलं, महिनाभर गाडी दर्ग्यासारखी दरवळत होती. एकेचाळीस मुली, सुकन्या. आरशात मी एकेचाळीस जणींना रडताना पाहिलं आहे. मारुतीच्या देवळापर्यंत सगळ्या रडतात. पुढे स्टेशनचा रस्ता लागला की नाक पुसून बांगड्या बघायला लागतात.

आता इकडची हकीकत. शेजारच्या सोमलिंगच्या मुलानं दसऱ्याला नवी गाडी घेतली. साडेचौदा लाख. मी दोनदा विचारलं. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही असं वाटून त्यानं मोठ्यांदा सांगितलं आणि अख्ख्या बोळाला कळलं. छताला काचेची खिडकी आहे, तिच्यातून आभाळ दिसतं. तेवढ्याचेच म्हणे लाखभर जास्त. सात वर्षांचे हप्ते. बिचारा रोज कव्हर काढतो, गाडी पुसतो, परत कव्हर घालतो आणि स्कूटरवरून कामाला जातो. सोमलिंग मला म्हणाला, "मास्तर, आपल्या वक्ताला आभाळ फुकट हुतं की हो."

नव्या गाड्यांचं एक समजू शकतो. पण जुन्यांना काय झालंय? तू पुण्याला गेलीस त्याच्या चार-पाच वर्षांनी एक भंगारवाला आला होता, नऊ हजार म्हणाला, तेही वजन बघून. गेल्या महिन्यात पुण्याहून एक तरुण आला. कपाळावर गॉगल, पायात पांढरे बूट. गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, दार उघडून सीटचा वास घेतला आणि म्हणाला, "काका, सगळं ओरिजिनल आहे हो!" पाच लाख. मी गप्प बसलो, तर त्याला वाटलं मी घासाघीस करतोय. फोनवर सहा झाले. परवा साडेसात. खाजाभाई शेजारी बसून ऐकत होता. म्हणाला, "मास्तर, आपलाबी काय भाव येतो का इचारा की. आपन बी ओरिजिनल हाय. पार्ट मिळत नाहीत, बस." हसता हसता त्याला ठसका लागला. पार्ट खरंच मिळत नाहीत गं. पूर्वी ज्या वस्तू त्याच्या गॅरेजात खोक्यात पडून असत, त्यांना आता जुनं म्हणून तिप्पट किंमत सांगतात. फेरनोंदणीची फी वाढली. पेन्शनीत ही गाडी ठेवणं म्हणजे हत्ती पाळणं. डोळेही आता संध्याकाळनंतर दगा देतात. रविवारी तो मुलगा पैसे घेऊन येतो म्हणाला, मी 'बघू' म्हटलं.

आणि परवा त्याच दिवशी तुझा फोन आला. आपल्या सोनमचं लग्न सोलापुरात, मार्गशीर्षात. वरातीला जुनी गाडी हवी असा पोरीचा हट्ट, आणि पुण्याहून तशी गाडी आणायची तर अर्ध्या दिवसाचे पस्तीस हजार. तू हसत म्हणालीस, "अप्पा, भाड्याची कशाला? आपली आहे की. माझ्या वेळी बिचारी ऐनवेळी बंद पडली, आता नातीच्या वेळी तरी चालू दे." मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे, सुकन्या. 'बिचारी बंद पडली.' ती बंद पडली नव्हती. तुला ठाऊक नाही, पण त्या फियाटला कुठलीही किल्ली लागायची, म्हणून खाजाभाईनं मला एक युक्ती शिकवली होती. बॉनेटखाली एका काळ्या टोपीच्या आत अंगठ्याएवढा तुकडा असतो, रोटर म्हणतात. तो काढला की गाडी घरघरते, पण सुरू होत नाही. तुम्ही झोपलात की मी तो काढायचो आणि पहाटे परत बसवायचो. अठरा वर्षांत एकदाही चुकलो नाही. तुझ्या लग्नाच्या दिवशी पहाटे मी बॉनेट उघडलंच नाही. एवढंच केलं. सव्वीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की मी काही काढलं नाही, फक्त बसवायचं राहिलं. पण तू मोगरा माळून मागच्या सीटवर बसलीस, मी तीनदा किल्ली फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि तो तुकडा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. तू उतरलीस. बॉनेटवर थाप मारून म्हणालीस, "असू दे अप्पा, तिलाच मी जायला नको आहे." आणि रिक्षेत बसलीस. "दुरुस्त करून मागोमाग येतो," असं मी म्हणालो. आलो नाही. लग्ननोंदणीच्या कचेरीत बापाच्या जागी खाजाभाईनं सही केली. वर्गात माणुसकीच्या कविता शिकवणारा मी, जावई विणकराच्या घरचा म्हणून नातेवाइकांच्या तोंडांना भ्यालो. तोंडानं नाही म्हणायचीही छाती झाली नाही, म्हणून गाडीला नाही म्हणायला लावलं. तुझ्या आईला कळलं होतं. सदरा धुताना तुकडा तिच्या हाताला लागला. तिनं तो फक्त टेबलावर ठेवला. पण त्यानंतर शेवटपर्यंत ती कधी माझ्या शेजारच्या सीटवर बसली नाही. मागे बसायची. आणि जावई बालराज, माझाच विद्यार्थी, इतकी वर्षं पायरीवरूनच तुझी बॅग देतो, "येतो सर" म्हणतो आणि वळतो. मी कधी त्याला 'आत ये' म्हटलेलं नाही, आणि त्यानं कधी वाट बघितलेली नाही.

पुण्याच्या मुलाला काल 'नाही' असं कळवलं. साडेसात लाखांना गाडी गेली असती, तर तुला हे कधीच कळलं नसतं. तो भाव मला याच कारणानं गोड लागत होता, हेही लिहून टाकतो. खाजाभाईनं इंजिन उघडलंय. मार्गशीर्षापर्यंत ती धावेल. पण हे वाचल्यावर तुझ्या लेकीनं त्या गाडीत बसावं की नाही, आणि मी मांडवात यावं की नाही, ते तू ठरव. नको म्हणालीस तर

थांब. बाहेर कुणीतरी "सर, आहात का?" म्हणतंय. खिडकीतून बघितलं. बालराज आहे, एकटाच. हातात लग्नपत्रिकांची पिशवी, आणि चपला काढायच्या की नाही अशा विचारात पायरीवर उभा. तो येणार असं तू बोलली नव्हतीस. पाकीट आता चिकटवत नाही. दार उघडतो, त्याला आत बोलावतो, पाणी देतो आणि हे पत्र आधी त्याच्या हातात ठेवतो. त्या दिवशी कचेरीच्या दारात दोन तास माझी वाट बघत तोच उभा होता. पहिलं वाचायचा मान त्याचा.

तुझाच,
अप्पा