‘ड्यूकची फजिती’वरचा नववा अभिप्राय

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, तरी हे लिहिताना मी दाराला कडी लावून घेतलीय. घरात दुसरं कोणी नाही. पण मी तुमची मुलगी, कडी लावल्याशिवाय मला सुचत नाही. तुम्ही परत आलेल्या पुस्तकाचं पान न पान उजेडात धरून बघायचात, तशी मी अजूनही मेथीची जुडी सोडून आतून बघते, आणि भाजीवाली म्हणते, मावशी, तुमचा कोणावर तरी विश्वास आहे का? नाही हो. आमच्या घरात तो कधी शिजलाच नाही.

मलकापूरच्या त्या दोन खोल्यांच्या वाचनालयाचे तुम्ही चिटणीस. दिवसभर जिनिंग प्रेसच्या कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी टोपी झटकून तिथे जाऊन बसायचं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, सगळ्यांनाच काहीतरी नवं करून दाखवायचं होतं, आणि तुम्ही काढलात अभिप्रायाचा नियम. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवायचा, आणि वाचणाऱ्याने त्यावर दोन ओळी लिहिल्याशिवाय त्याला दुसरं पुस्तक द्यायचं नाही. खाली नाव घालायचं नाही, म्हणजे लोक मोकळेपणाने लिहितील, असं तुम्ही सभेत सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. आणि मग तीच पुस्तकं पिशवीत घालून घरी आणायचात आणि एकेक अक्षर सभासदांच्या अर्जांशी ताडून बघत बसायचात. हळदीचा डाग दिसला की बाईमाणूस, तंबाखूचा भुगा सापडला की अडत्या, तेलाचं बोट उमटलं की कॉलेजातलं पोरगं. मला तेव्हा हे फार हुशारीचं वाटायचं. आता वाटतं, एवढ्या वेळात तुम्ही एखादं पुस्तक वाचलं असतं तर बरं झालं असतं.

कारण वाचलं असतं तर ‘ड्यूकची फजिती’ कपाटात गेलंच नसतं. मुंबईहून आलेल्या गठ्ठ्यात ते होतं, वर घोड्यांची बग्गी आणि किल्ल्यासारखा वाडा. तुम्ही त्याला इतिहासाचा नंबर दिलात! इंग्लंडातली दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न करायचंच नाही अशी शपथ घेतलेला एक ड्यूक, आणि त्याला उठता-बसता तोंडघशी पाडणारी एका गरीब पाद्र्याची मुलगी. नाच, मेजवान्या, चोरून दिलेल्या चिठ्ठ्या. शेवटी लग्न होतं, आणि घरी निघालेली त्यांची बग्गी बर्फात अडकते आणि गारठा घालवायला ती दोघं जे काही करतात, ते पान त्र्याऐंशीपासून एक्याण्णवपर्यंत चालतं. तुम्हाला हे कळलं ते अभिप्रायांवरून. पहिला होता, ‘भाषांतर ओघवते. पान ८३ ते ९१ अनावश्यक.’ त्याच्याखाली वेगळ्या शाईत, ‘पान ८३ ते ९१ दोनदा वाचली. अनावश्यकच.’ मग कोणा शेतकऱ्याचा, ‘एवढी जमीन असून हा गृहस्थ एकदाही वावरात गेला नाही. पटत नाही.’ एकाने लिहिलं, असली पुस्तकं तरुणांच्या हाती देऊ नयेत, आणि माझी पाळी पुन्हा कधी येईल ते कळवावे. कोणाला ड्यूकच्या घोड्यांची काळजी, बर्फात त्यांना वैरण कोणी घातली? आठ अभिप्राय झाले तोवर पुस्तकाची शिवण उसवली, ती नऊ पानं सुटी झाली, आणि तुम्ही ते दुरुस्तीला घरी आणलंत.

पुस्तकं चिकटवायची खळ आई करायची, तुम्हाला आठवतंय ना? कणीक पाण्यात कालवून चुलीवर आटवायची, गुठळी होऊ द्यायची नाही. खळ होईपर्यंत पुस्तकं स्वयंपाकघरातच असायची. तुम्ही त्या खोलीकडे कधी संशयाने पाहिलं नाहीत. सगळ्या मलकापुरावर नजर, आणि स्वतःच्या चुलीपुढे काय चाललंय याचा पत्ता नाही.

दोन वर्षं मी आईला दुपारी लिहायला-वाचायला शिकवत होते. पाटावर खडूने. ती अडतीस वर्षांची होती, आणि ‘क्ष’ काढताना जीभ बाहेर काढायची. मी म्हटलं होतं, बाबांना सांगू, ते खूश होतील. ती म्हणाली, त्याईले सांगू नको माय, शिकून राह्यली म्हनलं तं पहिले अक्षर तपासतीन. खोटं होतं का ते? छापील मात्र ती माझ्या अंदाजापेक्षा लवकर वाचायला लागली. ते पुस्तक तिनं तीन दुपारी वाचलं. पदर तोंडाला लावून हसताना मी तिला पाहिलं, आणि मला आठवत नाही की त्याआधी मी तिला कधी असं हसताना पाहिलं होतं. आणि मग नवव्या जागी पेन्सिलीने तिनं लिहिलं. ते मला अजून तोंडपाठ आहे. ‘बायको याले हासते आन याले राग येत नाही. हा बी हासते. असं घर कुठी असन तं मले पाहाचं हाये.’

आठ माणसांनी बर्फातली ती नऊ पानं वाचली आणि एकालाही ही गोष्ट दिसली नव्हती.

रविवारची सकाळ. तुम्ही पाटावर बसलाय, ताटात भाकरी वाफाळतेय आणि तुम्ही जेवत नाही, पुस्तक तिरपं धरून त्या ओळी मोठ्याने वाचताय, पुन्हा पुन्हा बघताय. आधी तुम्ही संशय शाळेतल्या बाईंवर घेतलात, मग डॉक्टरीणबाईंवर. पण त्यांची अक्षरं जुळेनात. आणि मग तुम्ही जी चूक केलीत ती तुमच्यासारखा माणूसच करू जाणे. अक्षरं थरथरलेली, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी रेघ, भाषा घरात बोलतो ती. कोणालाही वाटलं असतं, कोणीतरी नुकतं शिकलंय. तुम्ही म्हणालात, डाव्या हाताने लिहिलंय, ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम गावंढळ केलंय. म्हणजे शिकलेली बाई. म्हणजे पुस्तक जिच्या हाताशी होतं ती. आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझी मॅट्रिक झाली होती, अमरावतीच्या कॉलेजचा आणि वसतिगृहाचा फॉर्म भरून फडताळात तुमच्या सहीची वाट बघत होता. तुम्ही म्हणालात, हे असलं लिहिणारी पोट्टी मी परगावी ठेवू काय? सही होणार नाही.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. तुमच्याकडे न बघता म्हणाली, “ते म्या लिवलं.”

तुम्ही हसलात. तेव्हा हसलात, बाबा. चिडला असतात तर बरं होतं. खिशातली पेन्सिल काढून तिच्यापुढे टाकलीत आणि म्हणालात, “लिहून दाखव मंग.” ती पेन्सिलीकडे बघत राहिली. हाताला पीठ होतं, ते तिनं पुसलं नाही. म्हणाली, “नाही लिवत. मानाचं असन तं माना.” मग तुम्ही माझ्याकडे वळलात. आवाज एकदम कचेरीतला झाला. तुझ्या आईला लिहिता येतं का, एवढंच विचारलंत.

किती वर्षं मी हा प्रसंग स्वतःला असा सांगत आले की मी आईला वाचवलं. तुमच्या रागातून, त्या परीक्षेतून, गावभर होणाऱ्या हशातून. मी म्हटलं, “नाही. आईला लिहिता येत नाही. ते मी लिहिलं.” आई माझ्याकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास आला तरी तिनं ती काढली नाही. तुम्ही मात्र जेवायला लागलात, कारण तुमचा संशय खरा ठरला होता. पुढच्या आठवड्यात तुम्ही तो अभिप्रायांचा कागद फाडून टाकलात आणि पुढच्या वैशाखात मला साखरखेर्ड्याला देऊन टाकलंत. अमरावती राहिली ती राहिलीच. त्यावरून मी तुमच्याशी कधी भांडले नाही. आज भांडते. फार वाईट केलंत.

पण आईचं त्याहून वाईट झालं. दुसऱ्या दिवशी मी दुपारी पाट मांडला तर म्हणाली, राहू दे, मले काहाले पाह्यजे. पुन्हा खडू हातात घेतला नाही. सासरी मला तिची पत्रं यायची ती शेजारच्या मुलीच्या हातची, ‘इकडील सर्व ठीक’ अशी. तुमच्यानंतर ती अकरा वर्षं होती. बँकेत अंगठा द्यायची. मी एकदा म्हटलं, सही कर ना, येते तुला. म्हणाली, तूच तं सांगतलं व्हतं, मले येत नाही. रागाने नाही म्हणाली, म्हणून मला तिथे उभं राहवेना.

तुम्ही तिला ओळखलं होतंत का, हा संशय मला अजून आहे. ओळखूनही माझ्यावर टाकलं असेल, कारण ती ओळ बायकोची निघाली असती तर तुम्हाला तुमच्या घराबद्दल तिचा अभिप्राय कळला असता. पण ते तुमचं तुम्हाला ठाऊक. हे पत्र मी पेटीच्या तळाशी ठेवणार, कोणाला दाखवणार नाही. माझं तेवढं सांगते. मी आईला वाचवायला खोटं बोलले नाही, बाबा. तुम्ही ती ओळ मोठ्याने वाचलीत तेव्हा मला वाटलं, किती चांगली आहे, ही माझी असायला हवी होती. तेवढ्यात तुम्ही विचारलंत आणि मी ती घेऊन टाकली.