पिवळ्या बदकांच्या चिंध्या

तीर्थरूप वेल्डाताईस,

धाकट्या आर्डिथचा नमस्कार. तुझा गुडघा आता वळतो का? इथे आयोवात सगळे खुशाल आहेत, मी सोडून. माझं तर डोकंच चालेनासं झालंय, ताई!

मी गावच्या वाचनालयाच्या समितीवर आहे, ठाऊकच आहे तुला (‘मिरवायला बरं’ असं तू म्हणाली होतीस, मी विसरलेले नाही). तिथे एक भयंकर पुस्तक आलं. एक विधवा आणि एक गुरांचा डॉक्टर. पुढचं मी लिहीत नाही. तडक तक्रारीचा अर्ज भरायला गेले, तर त्यात प्रश्न : आपण पुस्तक पूर्ण वाचलं आहे का? आता आली का पंचाईत! आपल्या घराण्यात खोटं कुणी लिहिलेलं नाही. म्हणून केवळ कर्तव्यबुद्धीने ते घरी आणलं आणि वाईट पानांत खुणेला चिंध्या घातल्या. चर्चच्या लिलावासाठी मी गोधडी शिवतेय ना, पिवळ्या बदकांची, तिच्याच. एकेचाळीस चिंध्या झाल्या (काही पानं दोनदा तपासावी लागली).

आणि मी पुस्तक चिंध्यांसकट परत केलं! ती गोधडी अख्ख्या गावाने पाहिलीय गं! धावत गेले, तर ग्रंथपाल ट्रूडीने बंद पाकीट हातात ठेवलं. “आर्डिथकाकू, तुमचं शिवणाचं सामान राहिलं होतं.” चेहऱ्यावरची रेषा हलली नाही पोरीच्या.

दुसऱ्याच दिवशी पाद्रीबाबा लुंडग्रेन तिच्यापुढे उभे. तीन आठवडे पुस्तक कुणाकडे होतं, नाव हवं. ट्रूडी म्हणाली, “कोण काय वाचतं ते आम्ही सांगत नाही. पुस्तक आलं की नोंद पुसतो.” झालं! गुरुवारी समितीपुढे तिला काढायचा ठराव आहे. दोन मतं इकडे, दोन तिकडे, पाचवं माझं. आणि ताई, वाचणाऱ्यांची नावं गावाला कळलीच पाहिजेत, असं गेल्या महिन्यात ठणकावणारी मीच! लाज वाटते गं.

ट्रूडी विसरते, पण घरातला कॉम्प्युटर विसरत नाही. दुसरा भाग आहे का, एवढंच एकदा शोधलं मी. तेव्हापासून आमचा नवरोबा हार्लन ट्रॅक्टरचे सुटे भाग बघायला बसला की पडद्यावर जाहिरातींत उघड्या छातीचे गुरांचे डॉक्टर. “हे काय गं?” म्हणाला. मी म्हटलं, “व्हायरस असेल.” म्हणतो, “तब्येत बरी आहे त्याची.”

सांग, काय करू?

तुझी,
आर्डिथ

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं नि गुरुवार उलटला. ट्रूडी खाली मान घालून बसली होती. मला राहवेना. उभी राहिले, चिंधी वर धरली, म्हटलं, पुस्तक माझ्याकडे होतं, आणि माझं मत ट्रूडीला. पाद्रीबाबांचा आ वासलेला तसाच राहिला. ट्रूडीची नोकरी राहिली.

ता. ता. क. : नंतर पाद्रीबाबांच्या बायकोने मला कोटांच्या खुंट्यांमागे ओढलं. वाटलं, आता खरडपट्टी. तर कानात विचारते, “चिंध्या कुठल्या कुठल्या पानांत होत्या?”

शेवटचं : तुमच्या ओमाहात दुसरा भाग मिळतो. दुकानात जाऊन घे, फोनवर शोधू नकोस. दोन प्रती पाठव. आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाक, ट्रूडी नोंद पुसते तसं.